फी भरली, पण बुटांचं काय?

पत्र :

आम्ही चार मित्र, चौघांचंही आयुष्य यंत्रशाळेत गेलं, आता निवृत्त आहोत. आमच्यातला पाचवा, लेथवरचा (धातू फिरवून त्याला आकार देणाऱ्या यंत्रावरचा) उस्ताद, गेल्या वर्षी गेला. शाळा संपल्यावर कुणा ओळखीपाळखी नसलेल्या माणसाने फी भरून त्याला टर्नरच्या, म्हणजे लेथच्या कामाच्या, शिक्षणाला घातलं होतं. ही गोष्ट तो शेवटपर्यंत सांगायचा. त्याच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू करायचं ठरवलंय. तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या गरीब घरातल्या दहा मुलांची दरवर्षी पूर्ण फी भरायची. अटी अशा ठरल्या आहेत : आधीच्या परीक्षेत किमान 75 टक्के, उत्पन्नाचा दाखला, आणि ‘माझ्या आयुष्यातील संघर्ष’ या विषयावर 500 शब्दांचा निबंध. निवड झालेल्यांची नावं कार्यक्रम घेऊन जाहीर करायची. पैसे थेट संस्थेच्या खात्यात. एक मित्र म्हणतो, अटी कडकच हव्यात, नाहीतर पैसे वाया जातील. मला मात्र कुठेतरी खटकतंय, काय ते नेमकं सांगता येत नाही. आणि एक, त्याचा व्हर्निअर कॅलिपर, बारीक मापं घ्यायचं हत्यार, माझ्याकडे आहे. त्याचं काय करावं?
– एक निवृत्त सुपरवायझर

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला खटकतंय ते बरोबर खटकतंय. चौघांच्या आयुष्यभराच्या कमाईतले पैसे यात जाणार आहेत, म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते. आहे त्या अटींवर ही शिष्यवृत्ती तुमच्या मित्रालाच मिळाली नसती. त्याला शाळेत 75 टक्के होते का? असते तर त्याची फी भरायला कुणा अनोळखी माणसाला पुढे यावं लागलं असतं का? आणि त्या वयात त्याने स्वतःच्या हालअपेष्टांवर निबंध लिहून दिला असता का? तुम्ही त्याला ओळखत होतात. माझ्यापेक्षा तुम्हीच सांगू शकाल.

मी काही वर्षं अशाच एका निवड समितीवर होते. वेल्डिंगच्या एका विद्यार्थिनीची फी आम्ही पूर्ण भरली होती. सहा आठवड्यांनी तिचं येणं कमी झालं, मग थांबलंच. चौकशी केली तेव्हा प्रशिक्षकांनी मला वर्कशॉपच्या बाहेरच्या कट्ट्याकडे नेलं. तिथे तिचे बूट ठेवलेले होते. पुढे लोखंडी टोपी असलेले सेफ्टी शूज, तिच्या भावाचे, दोन नंबरांनी मोठे. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले, घामाने भिजून कडक झालेले. त्या बुटांत ती रोज सहा-सात तास उभी राहायची. टाचा सोलून निघाल्या होत्या. सेफ्टी शूज नसतील तर आत पाऊल टाकायचं नाही, हा नियम, आणि तो योग्यच आहे. ठिणगी पायावर पडते, जाड पट्टी पायावर पडते. तिने एकदा आमच्या कार्यालयात विचारलंही होतं म्हणे, की या पैशातून बूट घेता येतील का. तिला सांगण्यात आलं, नियमात बसत नाही. तो नियम मीच लिहिला होता : ‘रक्कम फक्त शैक्षणिक शुल्कासाठी.’ आमच्या खात्यात तेव्हा पैसे शिल्लक होते.

ती परत आली नाही.

म्हणून तुमच्या पत्रातला ‘पूर्ण फी’ हा शब्द वाचून मी तिथेच थांबले. तांत्रिक शिक्षणात फी हा खर्चाचा एक भाग असतो आणि पुष्कळ वेळा तो मोठा भागही नसतो. इलेक्ट्रिशियनला पक्कड, टेस्टर, मल्टिमीटर लागतो. वेल्डरला हेल्मेट, चामडी हातमोजे, अ‍ॅप्रन. केस कापायला शिकणाऱ्याला कात्र्यांचा संच, स्वयंपाक शिकणाऱ्याला सुऱ्यांचा. गणवेश लागतो, सरावाचा कच्चा माल लागतो, शेवटी परवान्याच्या परीक्षेची वेगळी फी लागते. आणि या सगळ्यांपेक्षा मोठा, पण कुठल्याच पावतीवर न येणारा खर्च म्हणजे बुडालेली मजुरी. तास चुकला तर मैत्रिणीची वही आणून भागवता येतं. प्रॅक्टिकल चुकलं तर दुसऱ्याच्या हाताने शिकता येत नाही, म्हणून हजेरी दिवसभराची आणि सक्तीची. घरात जो मुलगा चार पैसे आणत होता तो आता आणत नाही, उलट जाण्यायेण्याला पैसे मागतो. फी माफ झाली तरी हे गणित घरात रोज संध्याकाळी मांडलं जातंच.

नुसती फी भरली की काय होतं, याचं एक मोठं उदाहरण अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात आहे. तिथे 2015 पासून शाळा संपवणाऱ्या मुलांना दोन वर्षांच्या महाविद्यालयांची आणि तंत्रमहाविद्यालयांची फी माफ आहे. योजना चांगली आहे आणि तिच्यामुळे कितीतरी मुलं पुढे शिकली. पण तिची रचना अशी की बाकी सगळी सरकारी मदत आधी मोजायची आणि फीमधलं जे उरेल तेवढंच भरायचं. सर्वांत गरीब मुलाची फी बहुधा केंद्राच्या गरिबांसाठीच्या अनुदानातूनच भागते. मग या योजनेतून त्याच्या वाट्याला काहीच येत नाही, आणि ज्याचं थोडं बरं चाललंय त्याला मात्र येतं. हत्यारं, पुस्तकं, प्रवास यांचा खर्च तर या फीमाफीत दोघांनाही मिळत नाही.

तेव्हा पहिलं काम हे करा. ज्या संस्थेत मुलं निवडणार आहात तिथल्या कार्यालयात जाऊन बसा आणि विचारा, गरीब विद्यार्थ्याची किती फी आधीच माफ होते? बहुतेक वेळा उत्तर ऐकून तुम्ही चकित व्हाल. जिथे फी आधीच भागतेय तिथे तुमचे पैसे फीत घालणं म्हणजे भरलेल्या घागरीत पाणी ओतणं. त्याच भेटीत आणखी एक प्रश्न विचारायचा आणि त्याचं उत्तर लेखी घ्यायचं : बाहेरून शिष्यवृत्ती मिळाली तर संस्था स्वतःची मदत कमी करते का? असं खरंच होतं. दात्याचे पैसे आले की संस्था आपली सवलत तेवढ्याने उतरवते. मुलाच्या हातात काहीच वाढत नाही, दात्याला वाटतं आपण मदत केली. अमेरिकेत मेरिलँड राज्याने 2017 मध्ये सरकारी महाविद्यालयांच्या या प्रकाराला कायद्याने आळा घातला, यावरून तो किती रुळलेला होता ते कळतं. तुम्ही पैसे ‘थेट संस्थेच्या खात्यात’ म्हणताय, त्यात हाच धोका आहे.

मग पैसे कुणाच्या हातात द्यायचे? विद्यार्थ्याच्या. तुमचे कडक अटीवाले मित्र इथे भुवया उंचावतील, म्हणून त्यांच्यासाठी एक आधार देते. इंग्लंडमध्ये 2004 पासून काही वर्षं 16 ते 19 वयाच्या, कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना शिक्षण चालू ठेवण्यासाठी दर आठवड्याला 10, 20 किंवा 30 पौंड मिळायचे. कॉलेजात शिका नाहीतर एखादा व्यवसाय शिका, दोन्हीला चालायचं. पैसे आईवडिलांच्या नाही, मुलाच्या स्वतःच्या बँक खात्यात जायचे, आणि ते कशावर खर्च करायचे ते त्याने ठरवायचं. अट एकच, हजेरी. विनाकारण एखादा दिवस दांडी मारली तर त्या आठवड्याचे पैसे नाहीत. पुढच्या आठवड्यात पाटी कोरी. ज्या भागांत आधी प्रयोग करून पाहिला होता तिथल्या अभ्यासात दिसलं, की पात्र असलेल्या 16 वर्षांच्या मुलांपैकी शिकत राहणाऱ्यांचं प्रमाण 65 टक्क्यांवरून 69 वर गेलं, आणि 17 वर्षांच्यांत 54 वरून 61 वर. खर्चकपातीत इंग्लंडने ती योजना पुढे बंद केली, ते मला आजही चुकीचं वाटतं.

यातली हजेरीची अट कशी बेतली आहे ते बघा. चूक एका आठवड्याची, तर शिक्षाही एका आठवड्याची. आपल्याकडच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांत एक अट मोडली की सगळं रद्द. घरात कुणी आजारी पडलं, मुलगा पंधरा दिवस आला नाही, पैसे बंद झाले, आणि पैसे बंद झाले म्हणून मग तो कायमचाच आला नाही. पैसे वाया कसे जातात ते तुमच्या मित्राला इथे दिसेल. सहा महिने शिकलेल्या मुलाला सातव्या महिन्यात सोडून देणं ही सर्वांत महागडी उधळपट्टी.

आता टक्क्यांबद्दल. शाळेतले गुण पाहून कोण चांगला फिटर होईल हे कळत असतं, तर तुमच्या यंत्रशाळेतली निम्मी चांगली माणसं तिथे पोचलीच नसती. ज्या मुलाने संध्याकाळी दुकानात काम करून 52 टक्के मिळवले, त्याच्यापुढे 75 ची रेघ ओढली की तो अर्जच करत नाही. तुम्हाला तो नाकारावासुद्धा लागत नाही, म्हणून तुम्हाला तो कधी दिसतच नाही. प्रवेश मिळाला आहे आणि शिकायची तयारी आहे, एवढी पात्रता पुरे. अर्ज जास्त आले तर गरज पाहा, आणि गरजही सारखीच असेल तर सरळ चिठ्ठ्या टाका. मी हे पूर्ण विचार करून सांगते आहे. सारख्याच गरजू पंधरा मुलांतून ‘अधिक लायक’ चौघं शोधायला बसलं की समितीला आपल्यासारखं बोलणारी, आपल्यासारखं वागणारी मुलं आवडायला लागतात. चिठ्ठीला आवडनिवड नसते.

‘गरीब’ या एकाच शब्दात सगळी अडचण मावत नाही, हेही लक्षात घ्या. अमेरिकेच्या व्यवसाय शिक्षणाच्या 2018 च्या कायद्यात विशेष मदतीच्या गटांची यादी आहे. तीत कमी उत्पन्नाच्या घरांतले आहेतच, शिवाय अपंग, एकटे पालक, घर नसलेले, पालकांवाचून सरकारी सांभाळात वाढलेले, शिक्षणाची भाषा नव्याने शिकणारेही आहेत. त्यातला मला सर्वांत आवडणारा गट वेगळाच आहे : ज्या धंद्यात स्त्रिया किंवा पुरुष एक चतुर्थांशाहून कमी आहेत, तिथे शिरू पाहणारे. वेल्डिंग शिकणारी मुलगी, परिचर्या शिकणारा मुलगा. यांची अडचण उत्पन्नाच्या दाखल्यावर दिसत नाही. मुलीच्या मापाचे हातमोजे आणि बूट वर्कशॉपच्या कपाटात नसतात, इतकी ती साधी असते. चारातली एक जागा अशा कुणासाठी ठेवलीत तर मला फार आनंद होईल.

हो, मी चार म्हटलं. दहा नव्हे. तुम्ही कळवलेली रक्कम मी इथे छापत नाही, पण त्या रकमेत दहा मुलांची एका वर्षाची फी बसते आणि चार मुलांचा पूर्ण अभ्यासक्रम बसतो. चारच घ्या आणि शेवटपर्यंत न्या. पहिल्या वर्षी मिळाली, दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा धाकधूक, असं नको. खात्रीची ताकद किती असते ते मिशिगन विद्यापीठात दिसलं आहे. 2015 साली सुरू झालेल्या प्रयोगात गरीब घरांतल्या हुशार मुलांना त्यांनी आगाऊ पत्र पाठवलं : प्रवेश मिळवलात तर चार वर्षांची फी नक्की माफ, आर्थिक मदतीचे वेगळे फॉर्म भरायची गरज नाही. यातल्या बहुतेकांची फी एरवीही माफ झालीच असती. फरक फक्त आधी आणि ठामपणे सांगण्याचा. तरी अर्ज करणाऱ्यांचं प्रमाण 26 टक्क्यांवरून 68 वर गेलं आणि प्रत्यक्ष तिथे शिकायला आलेल्यांचं 12 वरून 27 वर. ती मुलं विद्यापीठात जाणारी होती, तुमची यंत्रशाळेत. पण ‘नक्की’ या शब्दाची किंमत दोघांच्याही घरात तीच.

पहिली रक्कम वर्ग सुरू होण्याआधी हातात पडली पाहिजे. ‘आधी बिल आणा, मग पैसे देऊ’ ही पद्धत ज्याच्याकडे आधी खर्चायला पैसे आहेत त्याच्याच कामाची. हत्यारांचा संच घेऊन द्या आणि तो त्याचाच राहू द्या, परत मागू नका. पुष्कळ कामांवर पहिल्या दिवशी स्वतःची हत्यारं घेऊनच उभं राहावं लागतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं. मग दरमहा ठरलेल्या तारखेला थोडी रक्कम, प्रवासासाठी आणि घरी तोंड वर करून बोलता यावं म्हणून. शेवटचा हप्ता परवान्याच्या परीक्षेच्या वेळी. आणि काम लागल्यावर पहिला पगार हाती येईपर्यंतचा जो एक महिना असतो, त्याचाही विचार करून ठेवा. शिकून झालेली मुलं तिथे अडतात आणि जुन्याच मजुरीवर परत जातात.

एकूण रकमेचा पाचवा भाग मात्र कुणालाच वाटू नका. तो बुटांसाठी. म्हणजे चष्मा फुटला, सायकल चोरीला गेली, घरभाडं थकलं, असं काहीही. तुमच्यापैकी कुठल्याही दोघांनी फोनवर हो म्हटलं की दोन दिवसांत पैसे पोचले पाहिजेत. अर्ज नाही, बैठक नाही. समितीची बैठक होईपर्यंत आमची विद्यार्थिनी निघून गेली होती.

निबंध काढून टाका. एवढी एक गोष्ट माझ्या शब्दाखातर करा. मी असे शेकडो निबंध वाचले आहेत. ज्याला लिहिता येतं त्याचं दुःख मोठं वाटतं, एवढंच त्यातून कळतं. सोळा वर्षांच्या मुलाने वडिलांचं व्यसन किंवा आईचं आजारपण चार अनोळखी माणसांपुढे मांडायचं, कशासाठी, तर पान्यांच्या संचासाठी? त्याऐवजी तीन प्रश्न विचारा. काय शिकायचं आहे? कशामुळे अडेल असं वाटतं? पैसे कोणत्या महिन्यात लागतील? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्याला नीट देता येतं त्याने घरी हिशोब केलेला असतो. दाखला मागा, पण एकच. संस्थेने प्रवेशाच्या वेळी घेतलेला चालत असेल तर त्याचीच प्रत घ्या. एका दाखल्यासाठी दोन खेपा म्हणजे घरातल्या कुणाची तरी दोन दिवसांची मजुरी.

कार्यक्रमही नको. ज्याला आपली गरिबी वर्गाला कळू द्यायची नाही तो अर्ज करणार नाही, आणि तो स्वाभिमानी मुलगा तुम्हाला हवा असतो. चौघांनी त्याच्या घरी किंवा वर्कशॉपवर जाऊन हातात पत्र द्या.

आणि पैशांपलीकडे तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी बहुतेक दात्यांकडे नसते : मोकळा वेळ आणि त्या कामाची जाण. अमेरिकेतच झालेला आणखी एक प्रयोग सांगते, 2012 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. करविवरण भरून देणाऱ्या एका कंपनीच्या कार्यालयांत आलेल्या कमी उत्पन्नाच्या काही कुटुंबांना तिथल्या माणसांनी शैक्षणिक मदतीचा किचकट फॉर्म सोबत बसून भरून दिला. दुसऱ्या गटाला नुसती माहिती दिली, तुम्हाला एवढी मदत मिळू शकेल, फॉर्म अमुक ठिकाणी आहे. नुसत्या माहितीने काहीच फरक पडला नाही. ज्यांचा फॉर्म भरून दिला त्यांच्यातल्या, शाळा संपवणाऱ्या मुलांपैकी पुढची तीन वर्षं संपेपर्यंत सलग दोन वर्षं शिकलेल्यांचं प्रमाण 36 टक्के निघालं. ज्यांना मदत नव्हती त्यांच्यात ते 28 टक्के होतं. थोडा वेळ शेजारी बसल्याचा हा परिणाम. तुम्ही चौघं आठवड्यातून एक दुपार संस्थेत टेबल टाकून बसलात आणि येईल त्याचे सरकारी मदतीचे फॉर्म भरून दिलेत, मग तो तुमच्या चारांतला असो वा नसो, तर तुमच्या पैशांपेक्षा मोठी रक्कम मुलांच्या खात्यांत जमा होईल. फक्त फॉर्म भरताना ‘प्रक्रिया शुल्क’ मागणाऱ्यांपासून त्यांना जपा. शिष्यवृत्ती मिळवून देतो म्हणून आधी पैसे मागणारा माणूस फसवणारा असतो, हे वर्गात जाऊन स्पष्ट सांगा. तुमच्यासारख्यांनी सांगितलेलं मुलं ऐकतात.

शिवाय पहिली नोकरी. कुठल्या शॉपमध्ये शिकाऊ पोराला मशीनवर उभं करतात आणि कुठे वर्षभर नुसता झाडू मारायला लावतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. दोन फोन तुम्ही केलेत तर मुलाचं वर्ष वाचेल.

मित्राचं नाव जरूर द्या. पण पत्रावर नुसतं नाव नको. तो कोण होता, काय काम करायचा आणि त्याची फी कुणीतरी भरली होती, हे दोन ओळींत लिहा. घेणाऱ्याला कळू दे की हे पैसे लेथवरून आलेत.

आणि व्हर्निअर. तो कपाटात ठेवू नका, काचेच्या पेटीत तर नकोच. जबडे पुसून मिटा आणि उजेडाकडे धरून बघा, मध्ये फट दिसते का. शून्याला शून्य जुळतंय का, पट्टी अडकत तर नाही ना, तेही तपासा. सगळं ठीक असेल तर पहिल्या वर्षीच्या टर्नरच्या विद्यार्थ्याला तो द्या, आणि तो धरायचा कसा हे दाखवायला एक दुपार त्याच्याजवळ थांबा.